युद्धातील प्रचार आणि लोकांचा पाठिंबा : वाचकांचे प्रश्न

युद्धाच्या बातम्या, त्यांतील खरेखोटे आणि लोकमत यांविषयी वाचकांची बरीच पत्रे साचली होती. त्यांतील काही निवडक प्रश्न एकत्र घेऊन या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : पूर्वीचे राजे लढाईला निघताना रयतेला विचारत नसत. मग आधुनिक काळात सरकारांना युद्धासाठी लोकांचा पाठिंबा मिळवण्याची एवढी धडपड का करावी लागते? आणि हुकूमशहाला तरी प्रचाराची गरज काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रयतेची मर्जी पूर्वीही अगदीच बिनमहत्त्वाची नव्हती, परंतु तेव्हा लढणारे सैन्य मर्यादित असे आणि एका मुलखात लढाई चालू असताना शेजारच्या मुलखातली पेरणी सहसा थांबत नसे. विसाव्या शतकातील युद्धाला मात्र सगळा देश लागू लागला. लाखो तरुण, दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या स्त्रिया, कर्जरोखे घेणारे मध्यमवर्गीय, कमी धान्यात घर चालवणाऱ्या गृहिणी या सर्वांनी वर्षानुवर्षे साथ दिल्याशिवाय सैन्य आघाडीवर टिकत नाही, आणि अशी साथ केवळ हुकूम काढून मिळत नाही.

१९१४ सालच्या ब्रिटनचेच पाहा. तेथे सक्तीची लष्करभरती नव्हती. तिचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये झाला. तोपर्यंतच्या सुमारे दीड वर्षात जवळजवळ २५ लाख पुरुष आपण होऊन भरती झाले, आणि त्यामागे भित्तिपत्रके, सभा, चर्चमधील प्रवचने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेचा दबाव या सगळ्यांचा हात होता. अमेरिकेची अडचण याहून मोठी होती. वुड्रो विल्सन नोव्हेंबर १९१६ मध्ये पुन्हा निवडून आले ते देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या श्रेयावर, आणि एप्रिल १९१७ मध्ये त्यांनाच युद्ध पुकारावे लागले. त्यानंतर आठवडाभरातच जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या अध्यक्षतेखाली सरकारी माहिती समिती नेमली गेली.

या समितीची एक योजना मला फार बोलकी वाटते. मूकपटाचे एक रीळ उतरवून दुसरे चढवण्यास सुमारे चार मिनिटे लागत. तेवढ्या वेळात पडद्यासमोर उभे राहून युद्धावर बोलणारे स्वयंसेवक या समितीने देशभर तयार केले, आणि त्यांची संख्या सुमारे ७५,००० पर्यंत गेली. कोणत्या आठवड्यात कर्जरोख्यांवर बोलायचे आणि कोणत्या आठवड्यात धान्यबचतीवर, याची पत्रके वॉशिंग्टनहून येत. भाषण मात्र वक्त्याने स्वतःच्या शब्दांत आणि चार मिनिटांच्या आत करायचे. हे वक्ते गावातलेच वकील, डॉक्टर, व्यापारी असत. श्रोत्यांच्या दृष्टीने बोलणारा माणूस सरकारचा नव्हता, ओळखीचा होता. प्रचाराची खरी ताकद अशा ओळखीच्या आवाजात असते, असे माझे मत आहे. अर्थात मन वळवण्याच्या जोडीला धाकही होता. जून १९१८ मध्ये युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल यूजीन डेब्ज या समाजवादी पुढाऱ्यास दहा वर्षांची शिक्षा झाली.

हुकूमशहाला प्रचार लागतो तो भीतीपोटी. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले आणि लोकांना जनावरांना घालायच्या सलगमांवर दिवस काढावे लागले. जानेवारी १९१८ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनी मोठे संप केले. आपण हरलो ते आघाडीवर नव्हे, घरात कच खाल्ल्यामुळे, अशी खोटी समजूत नाझींनी उराशी धरली होती आणि पसरवलीही होती. त्यामुळे घरातील मनोधैर्य खचण्याची त्यांना धास्ती होती. सत्तेवर येताच मार्च १९३३ मध्ये त्यांनी गोबेल्सच्या हाती प्रचाराचे स्वतंत्र मंत्रालय दिले आणि त्याच वर्षी सामान्य माणसाला परवडेल असा स्वस्त रेडिओ बाजारात आणला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले त्याच दिवशी परदेशी केंद्र ऐकणे गुन्हा ठरवण्यात आले. आपल्या प्रजेच्या मनाची ज्याला खात्री असते, त्याला घरातल्या रेडिओच्या काट्यावर पहारा बसवावा लागत नाही.

प्रश्न : प्रचार म्हणजे सरकारने पसरवलेले खोटे, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती अपुरी आहे, आणि अपुरी असल्यामुळेच धोक्याची आहे, कारण निखळ खोटे ओळखता येते आणि आपण फसणार नाही असा भरवसा त्यातून निर्माण होतो. परिणामकारक प्रचारात बहुधा खऱ्या घटनेचा गाभा असतो. काय सांगायचे, काय गाळायचे आणि ते कोणाच्या तोंडून वदवायचे यात सारे कसब असते. पहिल्या महायुद्धातील बेल्जियमचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्याची फळे पुढे फार कडू निघाली.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य तटस्थ बेल्जियममध्ये घुसले. दिनां या गावात २३ ऑगस्टच्या सुमारास ६७४ नागरिक मारले गेले. दोनच दिवसांनी लूव्हाँ येथील विद्यापीठाचे ग्रंथालय जाळण्यात आले आणि मध्ययुगीन हस्तलिखितांसह लाखो ग्रंथ राख झाले. त्या काही आठवड्यांत बेल्जियम आणि फ्रान्समध्ये जर्मन सैन्याने सुमारे ६,५०० नागरिकांचे बळी घेतले, हे पुढील काळातील इतिहासकारांनी कागदपत्रांवरून सिद्ध केले आहे. सांगण्यासारखे सत्य एवढे भयंकर होते की त्यात भर घालण्याची काहीच गरज नव्हती.

तरीही भर घातली गेली. ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटेच ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीतील जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या होत्या. त्यामुळे अमेरिकेला जाणाऱ्या युरोपच्या बहुतेक बातम्या लंडनमार्गे जाऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या देखरेखीखाली वेलिंग्टन हाउस या इमारतीत गुप्त प्रचारकचेरी सुरू झाली. नामांकित लेखकांना तेथे बोलावून घेण्यात आले, आणि कचेरीची पुस्तके नेहमीच्या खासगी प्रकाशकांच्या नावाने बाजारात येऊ लागली. वाचकाला वाटे की अमुक लेखकाने स्वतःहून आपले मत मांडले आहे. मे १९१५ मध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा बेल्जियममधील अत्याचारांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. ब्राइस हे विद्वान होते, अमेरिकेत राजदूत म्हणून त्यांनी मोठा आदर मिळवला होता, आणि १,१९८ जीव घेणारी लुसिटानिया बोट जर्मन पाणबुडीने बुडवली त्याला अवघे काही दिवस झाले होते. अहवाल अनेक भाषांत गेला आणि जगभर वाचला गेला. मात्र त्यातील सुमारे १,२०० जबान्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, साक्षीदारांची नावे दिलेली नव्हती, आणि समितीने स्वतः त्या साक्षीदारांना विचारपूस केली नव्हती. दिनांच्या खऱ्या कत्तलीशेजारी मुलांचे हात तोडल्याच्या, कोणी न तपासलेल्या कहाण्या एकाच पुस्तकात येऊन बसल्या.

एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांनी यापुढची मजल गाठली. जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते कारखान्यात उकळून त्यांतून चरबी काढतात, अशी बातमी छापून आली. ती निराधार होती. डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जर्मनीचा इन्कार आपण मान्य करतो असे संसदेत सांगितले. मग ब्रिटन आणि अमेरिकेतील लोकांना फसवणुकीचा संताप आला, आणि त्या संतापात दिनां आणि लूव्हाँच्या खऱ्या घटनाही थापा ठरल्या. बेल्जियममधील मृतांवर हा दुसरा अन्याय झाला.

याची खरी किंमत पुढच्या युद्धात मोजावी लागली, आणि ती मोजली तिसऱ्यांनीच. नाझींच्या ताब्यातील पोलंडमधून ज्यूंच्या सामूहिक हत्येची माहिती १९४२ पासून लंडनला पोहोचत होती. दोस्त राष्ट्रांनी त्या डिसेंबरमध्ये तिचा जाहीर निषेधही केला. तरीही ऑगस्ट १९४३ मध्ये पोलंडविषयीच्या एका निवेदनातून विषारी वायूच्या कोठड्यांचा उल्लेख पुराव्याअभावी वगळण्यात आला. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी त्या वेळी लिहिलेल्या टिपणात, या कथा मागच्या युद्धातील प्रेतांपासून चरबी काढण्याच्या कथांची आठवण करून देतात, अशा अर्थाचा शेरा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी छापलेले खोटे सर्वांत भीषण सत्याच्या आड उभे राहिले. प्रचाराचा हिशेब करताना तो करणाऱ्याला त्या वेळी काय फायदा झाला एवढेच पाहून भागत नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

हा धडा कोणी गिरवला, असे म्हणवत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे रडत सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील काचेच्या पेट्यांतून नवजात बालकांना काढून जमिनीवर टाकले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही कहाणी पुन्हा पुन्हा सांगितली, आणि जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने लष्करी कारवाईला ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी संमती दिली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि त्या साक्षीची मांडामांड कुवेतच्या बाजूने नेमलेल्या जनसंपर्क कंपनीने केली होती, हे युद्ध संपल्यावर १९९२ च्या आरंभी उघड झाले. तिने सांगितलेल्या प्रकाराला पुढील चौकशीत आधार मिळाला नाही. इराकी फौजांनी कुवेतमध्ये खून, छळ आणि लूट केली होती हे मात्र खरे होते. पुन्हा तोच प्रकार घडला, खऱ्यावर खोट्याचे कलम.

प्रश्न : व्हिएतनाममध्ये अमेरिका रणांगणावर हरली नाही, टीव्हीने घरच्या लोकांचे धैर्य खचवले म्हणून हरली, असे एका व्याख्यानात ऐकले. आपले काय मत आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हे मत बरेच लोकप्रिय आहे, पण घटनांचा क्रम त्याला साथ देत नाही. युद्धाला कायदेशीर आधार मिळाला तोच मुळी एका न घडलेल्या घटनेवर. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी विनाशिकेशी उत्तर व्हिएतनामी नौकांची चकमक झाली, ही गोष्ट खरी. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. तो झालाच नव्हता. त्याच्या जोरावर ७ ऑगस्टला काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मुभा दिली. कनिष्ठ सभागृहात विरोधी मत एकही नव्हते, सिनेटमध्ये दोन होती.

त्यानंतर युद्ध वाढत गेले, शवपेट्या गावोगावी येऊ लागल्या, आणि सायगावमधील रोजच्या पत्रकार परिषदेत मात्र शत्रूच्या मृतांचे आकडे वाढवून सांगत विजय जवळ आल्याचे सांगितले जाई. गॅलपच्या ऑक्टोबर १९६७ मधील पाहणीत युद्धात उतरणे ही चूक होती असे म्हणणारे ४७ टक्के होते आणि तसे न मानणारे ४४ टक्के. म्हणजे पारडे फिरले ते टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणातील हल्ल्याआधी. नोव्हेंबरमध्ये जनरल वेस्टमोरलंड यांना वॉशिंग्टनला बोलावून शेवट दिसू लागल्याची ग्वाही देशाला देववण्यात आली. जानेवारी १९६८ च्या अखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, दक्षिणेतील शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले, आणि सायगावमधील अमेरिकी वकिलातीच्या आवारातही बंदूकधारी शिरले. लष्करी हिशेबाने हल्लेखोरांची प्रचंड हानी झाली, हे व्याख्यात्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ज्याला दोन महिन्यांपूर्वी शेवट दिसू लागल्याचे सांगितले होते, त्या नागरिकाने वकिलातीच्या आवारातली लढाई पाहून काय समजायचे? वॉल्टर क्रॉन्काइट या भारदस्त वृत्तनिवेदकाने फेब्रुवारीअखेर ही कोंडी फुटणार नाही असे सांगितले. ती लोकांच्या मनात आधीच होती. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. माझ्या मते टीव्हीपेक्षा त्या नोव्हेंबरमधील ग्वाहीने अमेरिकी सैन्याचे जास्त नुकसान केले.

प्रश्न : दोन्ही महायुद्धांत लाखो भारतीय इंग्रजांच्या सैन्यात गेले. म्हणजे आपल्या लोकांनी सरकारी प्रचारावर विश्वास ठेवला, असे समजावे का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : तसे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांपर्यंत वाढले आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. पण पगार, दोन वेळचे जेवण आणि घराण्यात चालत आलेली लष्करी चाकरी ही कारणे भित्तिपत्रकांहून कितीतरी बळकट होती. भरती होणे आणि पाठिंबा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक लोकमान्य टिळकांनी मुंबईच्या गव्हर्नरसमोर मांडला होता. जून १९१८ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद बोलावली. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. देशरक्षणासाठी माणसे हवी असतील तर त्या माणसांना स्वराज्याचा हक्कही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. राजकारणाचा विषय निघताच गव्हर्नरांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयनी कोणत्याही भारतीय पुढाऱ्याला न विचारता देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांत बाळासाहेब खेर यांचे मुंबईचे मंत्रिमंडळही होते.

आपल्या जिल्ह्याशी जोडलेली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर येथे जे घडले, जमावाचा उठाव, गोळीबार आणि त्यानंतर चिमूरमधील स्त्रियांवर झालेले अत्याचार, ते सेन्सॉर केलेल्या वृत्तपत्रांतून नीट कळणे अशक्य होते. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तेव्हा जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते, आणि ४२.३४ मीटरवरून आष्टी-चिमूरची हकिकत त्यांनी सविस्तर सांगितली. चितगाववरील जपानी बॉम्बहल्ल्याची आणि जमशेदपूरच्या संपाची बातमीही त्यांनी दिली. हे केंद्र जेमतेम अडीच महिने चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून उषाबेन यांना अटक केली. आकाशवाणीचे सरकारी जाळे देशभर असताना चार तरुणांच्या प्रक्षेपकाकडे लोकांचे कान लागले, कारण गावातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले सरकारी बातमीत सापडत नव्हते.

प्रश्न : कारगिलच्या वेळी मी शाळेत होतो. आता युद्धजन्य परिस्थितीत मोबाइलवर मिनिटाला दहा व्हिडिओ येतात. त्यांतले खरे कसे ओळखावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कारगिलचा उल्लेख आपण केला हे बरे झाले, कारण त्या युद्धात भारताची बाजू जगाला पटली ती प्रामुख्याने पडताळून पाहता येईल अशा पुराव्यामुळे. शिखरांवर बसलेले लोक मुजाहिदीन आहेत असे पाकिस्तान सांगत होता. ११ जून १९९९ रोजी भारताने जनरल मुशर्रफ आणि त्यांचे सहकारी जनरल अझीझ यांच्यातील दूरध्वनी संभाषणाची ध्वनिफीत प्रसिद्ध केली, आणि आवाज कोणालाही ओळखता येण्यासारखे होते. पाकिस्तानने आपल्या अनेक सैनिकांची प्रेते स्वीकारण्याचेही नाकारले. २०१० मध्ये त्याच्या लष्कराच्या संकेतस्थळावर ४५३ मृतांची नावे आली. त्याच काळात आपल्या सरकारने केबलवर पाकिस्तान टीव्ही दाखवण्यास बंदी घातली. ती अनावश्यक होती असे मला आजही वाटते, कारण पुरावा आपल्या बाजूने होता.

आजची परिस्थिती अवघड आहे हे मान्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा कीव्हमधील रस्त्यावर उभे राहून झेलेन्स्की यांनी मोबाइलवर केलेले चित्रण खरे होते आणि देशाला धीर देणारे ठरले. परंतु स्नेक बेटावरील सर्व सैनिक हुतात्मा झाले ही घोषणा चुकीची निघाली, ते कैदेत जिवंत होते, आणि कीव्हवर एकट्याने शत्रूची विमाने पाडणारा वैमानिक ही दंतकथा असल्याचे युक्रेनच्या हवाई दलानेच पुढे सांगितले. अन्याय सोसणाऱ्या बाजूकडूनही खोटी बातमी येते, हे मनाला पटवून घ्यायला जड जाते. रशियाने तर मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती पसरवणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला, आणि खोटे काय ते ठरवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात आपल्याच काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे रात्रभर सांगितले. तसे काही झाले नव्हते. व्हिडिओ गेममधील विमाने पाडल्याची दृश्ये दोन्हीकडे खरी म्हणून फिरली.

ओळखण्याच्या काही साध्या वाटा आहेत. व्हिडिओतील एखादे दृश्य स्थिर करून ते चित्र इंटरनेटवर शोधले की ते जुने किंवा दुसऱ्या देशातले असल्यास बऱ्याचदा लगेच कळते. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्यपडताळणी विभाग उपयोगी आहे, परंतु तो सरकारचाच विभाग आहे हे ध्यानात ठेवून त्याच्या जोडीला स्वतंत्र तपासनिसांचे म्हणणेही पाहावे. बातमी देणारा घटनास्थळी होता का, की त्याने ‘सूत्रांच्या’ हवाल्यावर सांगितले, हे पाहावे. आणि मी स्वतः सर्वांत जास्त वजन देतो ते एका गोष्टीला : बातमीत आपल्या बाजूच्या हानीचा उल्लेख आहे का? शत्रूची विमाने, तळ आणि मृत यांचे नेमके आकडे देणारी आणि स्वतःच्या बाजूविषयी एक अक्षरही न बोलणारी बातमी, ती कोणत्याही देशाची असो, निदान दोन दिवस अपुरी समजावी आणि तोवर पुढे पाठवू नये.